बाहेरच्या माणसाचा हात

सुदाम, तुझ्या पोरानं माझ्याकडं दोन पानं मागितलीत. तेराव्याला वाटायला पुस्तिका काढणार आहेत म्हणे, चकचकीत कागदावर, वर तुझा फेट्यातला फोटो. "काका, तात्यांना तुमचं अक्षर लई आवडायचं. चांगल्या आठवणींची दोन पानं द्या," म्हणाला. पोरगं नम्र आहे. बोलायला चांगलं शिकवलंस त्याला. मी हो म्हणालो, घरी येऊन वही उघडली आणि तीन दिवस नुसता बसून राहिलो. आठवणी म्हणशील तर दोनशे पानं भरतील. पण त्यातली एकसुद्धा त्या पुस्तिकेत चालायची नाही, कारण त्या सगळ्या माळावरच्या आहेत. आणि माळावर तू कधी काळी होतास हेच तुला उभ्या जन्मात कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

गावात शिरताना तुझा फ्लेक्स लागलाय. 'प्रतिष्ठित बागायतदार घराण्यात जन्म' असं लिहिलंय त्यावर. भर रस्त्यात हसू फुटलं मला. लोकांना वाटलं, जिवाभावाचा मैतर गेला, मास्तरचं डोकं फिरलं. बागायतदार म्हणे. तुझ्या परसात एक शेवगा होता, तोही शेजाऱ्याच्या काटेरी वईतून आत वाकलेला.

मी रागात आहे, सुद्या. तू गेलास की राग निवेल असं वाटलं होतं. उलट वाढलाय, कारण भांडायला आता तू नाहीस. गेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणतात, पण हे जे म्हणतात त्यांना तू काही केलेलं नाही. तू माझ्या आक्काला चोर ठरवून गेलास. सत्तरीच्या बाईला. त्यामुळं ही दोन पानं तुझ्या पोराला मिळतील, पण मला जशी लिहायचीत तशी.

तुला सगळं आठवत होतं, हे मला माहीत आहे. तरी सांगतो. आक्काचा नवरा गेला आणि ती माहेरी परत आली तेव्हा आपण दोघं चौथीत होतो. तुझी माय, रखमामाय, तिच्याआधीच रांडाव झालेली. तिनं आक्काला हाताला धरून माळावर नेलं. गावामागचं गायरान ते, सगळा मुरूम, आणि मुरमात सीताफळीच सीताफळी. कुणी लावल्या नाहीत, कुणी पाणी घातलं नाही. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत गावातल्या धा-बारा बाया तिथं पाट्या घेऊन जायच्या आणि त्यांची घरं चालायची. तुझं चाललं, आमचंही चाललं.

रखमामायचा एकच कायदा होता. "डोळा पडला का बग, मगच हात लाव." फळाच्या खवल्यांमधल्या फटी रुंद होतात, पिवळसर दिसायला लागतात, त्याला डोळा पडणं म्हणायचं. त्याआधी तोडलं तर फळ पिकत नाही, जागच्या जागी काळं पडून दगड होतं. तू घाईचा. कच्ची तोडायचास आणि मायच्या चापट्या खायचास. आक्का मात्र पहिल्याच हंगामात अशी तयार झाली की लांबून सांगायची, त्या फांदीवर दोन हायेत, बाकीची परवा. मला ते कधीच जमलं नाही. मी आपला पाटी धरायला.

धर्मापुरीचा बाजार आठवतो? देवळाच्या अंगाला आपण पाटी मांडून बसलो होतो आणि समोरून आपले गुरुजी आले. तू आक्काच्या पाठीमागं दडलास. तुझे कान लाल झालेले मी बघितलेत. गुरुजी म्हणाले, "हा सुदाम ना? हा सीताफळं विकतो का?" आक्कानं पटदिशी सांगितलं, "न्हाई गुरुजी, पाटी माझी हाय. त्यो नुस्ता सोबतीला आलाय." पाटी तुझ्या मायची होती. माय तापानं पडली म्हणून तू आणली होतीस. आक्कानं तुझी इज्जत राखली आणि तू तेव्हापासून तिला आक्का म्हणायला लागलास. दर भाऊबीजेला आमच्या घरी पाटावर दोन भाऊ बसायचे, आधी मी, मग तू.

तू माझ्यासाठी काय केलंस तेही लिहितो, नाहीतर मी खोटा ठरेन. मला मास्तरकीच्या शिक्षणाला अंबाजोगाईला जायचं होतं तेव्हा माझी पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन तू फाट्यापर्यंत चालत आलास. तुझी शाळा सुटली होती, माझी चालू राहिली, आणि तुझ्या चेहऱ्यावर त्याचा एक ओरखडा नव्हता. गाडी सुटताना म्हणालास, "शिक बे दिग्या, आपल्यातलं एक तरी शिकलं पायजे." पुढं तालुक्याच्या एका बड्या माणसानं आपलं गायरान नांगरायला ट्रॅक्टर घातला, तेव्हा तू त्याच्यापुढं आडवा झोपलास. मी मागं उभा होतो. तू मातीत पडून ओरडत होतास, "गायरान कुनाच्या बापाचं न्हाई." ट्रॅक्टर परत गेला. त्याच्यावर तू सरपंच झालास, आणि व्हायलाच पाहिजे होतास. त्या दिवशी तुझ्यासाठी जीव दिला असता मी.

म्हणून तर सांगतो, तुझ्याइतकं दुसऱ्या कुणी केलं असतं तर मला एवढं लागलं नसतं. परक्यानं मारलं तर माणूस आई गं म्हणतो. तू मारलंस तेव्हा काय म्हणायचं तेच सुचेना.

मग ती कंपनी आली. तू धावतच माझ्या ओट्यावर आलास, हातात कागदी कप. "चाख बे. आपलं सीताफळ हाय. हितला गर काढून, गोठवून, जहाजानं जानार. तिकडचे लोक आइस्क्रीममदी घालून खात्यात." लेकरासारखा खूष होतास तू. ज्या फळापायी लाज वाटायची तेच आता साता समुद्रापार जाणार, यानं तुझी छाती फुगली होती. मला ते कळलं. म्हणून मीही फुगलो. बाहेरच्या देशातल्या गिऱ्हाइकाला म्हणे रानातलंच फळ पाहिजे, खत नाही, फवारा नाही, त्याचं एक सर्टिफिकेट असतं, आणि आपला माळ म्हणजे नुसतं सोनं. गावात एक संस्था काढायची, गायरान तिला भाड्यानं द्यायचं, संस्थेनं कंपनीशी करार करायचा, संस्थेचा चेअरमन तू. गावच्या बायांना तोडणीचं काम. ग्रामसभेचा ठराव तू मला लिहायला सांगितलास, म्हणालास तुझं अक्षर मोत्यासारखं आहे. मी लिहिला. आज सांगतो, माझ्या आयुष्यात मी एवढं सुंदर अक्षर दुसऱ्या कुठल्या कागदावर काढलेलं नाही. त्या ठरावाचा हात माझा आहे, हे मी विसरत नाही, आणि कुणी मला ते म्हणावं असं वाटतं, पण कुणी म्हणत नाही.

सभेत आक्का उठून उभी राहिली होती. "तारेचं कुंपन घालनार म्हंता, तर फाटक कुनीकडून ठिवनार? आमाला वरच्या अंगानं जवळ पडतं." सगळे हसले. तूही हसलास आणि म्हणालास, "बगतो आक्का." पुढारी झाल्यापासून तुझा तो शब्द झाला होता. बगतो. मी तुझा मैतर असून मला कळायला वर्ष लागलं की बगतो म्हणजे न्हाई.

फाटक वरच्या अंगाला झालं नाही. खाली डांबरीला झालं, तिथं वॉचमनची खोली, आणि एक इंग्रजी पाटी. कामाला बाया घेतल्या, पण पन्नाशीच्या आतल्या. बाकीच्यांना माळ बंद. हातमोजे, टोपी आणि वजन. मॅनेजर पुण्याकडचा, त्याला वजन पाहिजे होतं, म्हणून डोळा पडायच्या आधीच तोडा म्हणाला. पहिल्या वर्षीचा निम्मा माल काळा पडून ओढ्यात फेकला. लांबून वास यायचा. आक्का ओढ्याच्या काठी उभी राहून बघायची आणि घरी येऊन जेवायची नाही. मी म्हणायचो, जाऊ दे. ती म्हणायची, "रखमामायनं चापट्या मारल्या असत्या त्या मानसाला."

एकदा तिनं मला पाटी वाचायला लावली. मी वाचलं, वाइल्ड. म्हणजे काय, तिनं विचारलं. म्हणजे रानातलं, आपोआप आलेलं. ती त्या अक्षरांच्या जवळ गेली. मग म्हणाली, "म्हंजी कुनी लावलं न्हाई असं त्यांनीच लिवलंय. मग त्यांचं कावून?" मी पाटी पुन्हा वाचली. एवढी वर्षं पोरं शिकवली मी. तुलाही मी हे सांगितलं तेव्हा तू मान फिरवलीस आणि मोबाईल काढलास.

दुसऱ्या हंगामात आक्का आत गेली. तारेखालून, पोटावर सरकत, त्या वयात. पाटी भरून बाहेर येताना वॉचमननं धरलं. पाटीत कच्चं एकही फळ नव्हतं, सगळी डोळा पडलेली. तालुक्याहून पोलीस आले. पंचनामा झाला: चोरीस गेलेला माल, सीताफळे, एक पाटी. मुद्देमाल म्हणून ती पाटी ठाण्यात ठेवली आणि दोन दिवसांत पिकली, मग शिपायांनी खाल्ली. एक जण मला म्हणाला सुद्धा, मास्तर, फळं मात्र साखर होती. फिर्यादीच्या जागी संस्थेच्या चेअरमनची सही. तुझी सही मी चौथीपासून ओळखतो, तो 'सु' जरा जास्तच लांब ओढतोस.

मी तुझ्याकडं आलो नाही. मला वाटलं, तू येशील. तू आलास, भाऊबीजेला, पांढरी गाडी दारात लावून, हातात पैठणीचं खोकं. पाटावर बसलास. आक्कानं तुला टिळा लावला, ओवाळलं, नेहमीसारखं तोंडात साखर घातली. तू खोकं ताटात ठेवायला गेलास तर तिनं ताट मागं घेतलं. "लुगडं नको बाबा. ठाण्यातला कागद मागं घेतल्याचा कागद टाक ताटात." तू म्हणालास, "बगतो आक्का." ती म्हणाली, "तंवर ताट मोकळं ऱ्हाऊदे." त्या एका वाक्यानं तिनं तुला जे केलं ते मला जन्मात जमलं नसतं. खोकं बगलेत धरून तू उठलास तेव्हा मला कीव आली तुझी. थोडीच आली.

आपलं शेवटचं बोलणं त्यानंतर आठ दिवसांनी झालं, माझ्याच ओट्यावर. चहा पुढं ठेवलेला. तू मला समजावत होतास, मी पोरगा असल्यासारखं. "दिगू, तुला कळत न्हाई. केस मागं घेतली तर कंपनी सोडून जाईल. तिकडून तपासनीस येतो, रजिस्टर बघतो. बाहेरच्या मानसाचा हात लागला अन् आपन गप बसलो असं निगालं तर सर्टिफिकेट जातं. सगळ्या गावाचं नुकसान."

"बाहेरचं मानूस कोन?" मी विचारलं.

"आता ती भाषा हाय त्यांची, मी काय करू."

"आक्का बाहेरची, अन् जो तिकडं बसून आइस्क्रीम खातो त्यो आतला?"

"तसं न्हाई बे."

"तुझी माय आज जिती असती तर तिला बी आत टाकली असतीस तू."

तू उठलास. चहा तसाच राहिला, त्यावर साय धरली. ओट्यावरून उतरताना एकदा मागं बघितलंस, काहीतरी म्हणणार होतास, ओठ हलले, मग गाडीत बसलास. वीस दिवसांनी तू गेल्याचा फोन आला. लोक विचारतात, शेवटचं काय बोलणं झालं मास्तर? मी म्हणतो, असंच, घरचं. तू काय म्हणणार होतास त्यावर मी रोज विचार करतो. माफी मागणार होतास असं एखाद्या दिवशी वाटतं, शिवी देणार होतास असं दुसऱ्या दिवशी. पण माझं वाक्य मी मागं घेणार नाही, सुद्या. ते खरं होतं. तुलाही खरं वाटलं, म्हणूनच तू उठलास.

काल तुझा दहावा झाला. ओढ्याच्या काठी शामियाना, दोन आमदारांची माणसं, कंपनीचा मॅनेजर पांढरा रुमाल डोक्याला बांधून. पिंड मांडला. बाभळीवर चार कावळे बसलेले, पण एक खाली उतरेना. सगळे हात जोडून उभे. तुझ्या पोरानं बोलायला सुरुवात केली: आईला सांभाळतो, धाकट्याला तोडत नाही, तात्यांचं राजकारण पुढं नेतो, गर काढायच्या कारखान्याचं दुसरं युनिट पुरं करतो. कावळे बघत होते. ऊन तापलं. मी मागं उभा होतो. तुला काय पाहिजे हे तिथं मला एकट्याला माहीत होतं आणि मी ते मुद्दाम सांगत नव्हतो. थांब म्हटलं, ऊन खा जरा. आक्का चौकशीला सबंध दिवस ठाण्याच्या पायरीवर उन्हातच बसली होती.

शेवटी वहिनी माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. डोळे सुजलेले. "भावजी, तुमाला ठावं आसंल. काय ऱ्हायलंय त्येंचं?"

त्यांच्याकडं बघून माझी अढी सुटली. मी पुढं झालो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आक्कावरची केस मागं घेतो म्हना."

तुझ्या पोरानं माझ्याकडं बघितलं, मग मॅनेजरकडं. मॅनेजर त्याच्या कानाशी लागला. पोरगं खाली मान घालून ऐकत होतं, आणि सांगतो तुला, अगदी तुझ्यासारखं दिसत होतं. मग ते भटजींकडं वळलं आणि म्हणालं, "महाराज, लई उशीर झाला. दर्भाचा कावळा करा."

भटजींनी दोन दर्भ पिळले, गाठ मारली, पिंडाला लावलं. झालं. लोक पाय धुऊन निघाले. एक वाक्य बोलायचं होतं रे, तोंडानं नुसतं, त्याला कुठला तपासनीस आला असता? तेही तुझ्या पोटच्या पोराला परवडलं नाही. गवताच्या कावळ्यानं तुला वाटेला लावलं. मी घरी येताना मोठ्यानं म्हणालो, बरं झालं. दोनदा म्हणालो. घरी आल्यावर अंघोळीला बसलो आणि तांब्या हातात धरून रडलो, बाहेर ऐकू जाईल एवढं.

आक्कानं भाकरी वाढली. जेवण झाल्यावर मी सांगितलं तिला. पुढच्या सोमवारी तारीख आहे. वकील म्हणतो, गुन्हा कबूल करा, चिल्लर दंड होईल, एका दिवसात सुटाल, म्हातारपणी कशाला हेलपाटे. आक्का कबूल करणार नाही. साक्षीला मी उभा राहणार. माळ कुणाचा, फळ कुणाचं, असं विचारतील तेव्हा मी रखमामायपासून सुरुवात करणार आहे. धर्मापुरीचा बाजार सांगणार, पाटी कुणाची होती ते सांगणार, तुझं पूर्ण नाव घेणार. ज्यानं फिर्याद दिली तोच त्या माळाची फळं तोडून वाढला, हे कोर्टाच्या टाइपरायटरवर उतरेल, कायमचं. तो फ्लेक्स पावसात जाईल, पण तो कागद राहील. तू जन्मभर झाकलंस ते मी उघडं करणार, आणि मला त्याचं बरं वाटणार आहे. माझा सूड म्हण याला. पोराला द्यायची ही पानं त्याची नुसती नक्कल आहे.

तरी एका जागी माझा हात अडला. तू उत्तर द्यायला नाहीस, आणि वहिनी तिथं बसलेल्या असतील. म्हणून मी आक्काला विचारलं, "त्याचं नाव घेऊ ना? मेलेला हाय त्यो आता."

आक्का ताट उचलत होती. थांबली. म्हणाली, "घे की. भर कोर्टात सांग, त्यो बी माझ्यासारखाच चोर व्हता म्हून. मग जज्जसायेबच म्हनंल, दोघंबी चोर न्हाईत."